इंग्रजीत आमचं बोलणं होतं

आमच्या इंग्रजीच्या मॅडम पहिल्याच तासाला डबा खायच्या. टेबलावर फडकं पसरायच्या, डबा उघडायच्या आणि वर्गाला म्हणायच्या, "काढा, तुम्हीपण काढा. उपाशी माणसाला व्याकरण सुचत नाही."

पहिल्या दिवशी आम्ही अकरावीतली पोरंपोरी नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. कॉलेज सकाळचं. वस्तीवरून कुणी चालत यायचं, कुणी सायकलवर, कुणी दुधाच्या गाडीत कॅनच्या शेजारी उभं राहून. घोटभर चहावर घर सोडलेलं असायचं. हे सगळ्याच शिक्षकांना माहीत होतं, पण त्यावर डबा उघडावा हे फक्त मॅडमना सुचलं. भाकरीचा तुकडा मोडताना त्या विचारायच्या, "मी आत्ता काय करतेय? आय ईट की आय ॲम ईटिंग?" उत्तर चुकलं तरी घास थांबायचा नाही. चालू वर्तमानकाळ मी आयुष्यात कधी चुकले नाही, आणि तो आठवला की अजून मला लसणाच्या चटणीचा वास येतो.

आमचं गाव घोडेगावच्या पुढे, हायवे सोडून आत. मॅडम नगरहून एसटीने यायच्या आणि फाट्यावर उतरून पुढचा रस्ता चालत यायच्या. साडीखाली पांढरे कापडी बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि गळ्यात स्वतः शिवलेली कापडी पिशवी. कंडक्टरच्या गळ्यात तिकिटांची असते तशी. त्या पिशवीत मोबाईल. फाट्यावरचा चहावाला त्यांना लांबून बघून म्हणायचा, "आली बघा लाल डब्याची मालकीण." मॅडम मुसलमान होत्या, घरी उर्दू बोलायच्या, पण त्यांचं मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत होतं. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना "बेटा" म्हणायच्या. फक्त राग आला की "आपण" सुरू व्हायचं. "आपण गृहपाठ आणला नाहीत का?" असं त्या म्हणाल्या की अख्खा वर्ग वह्यांत तोंड घालायचा. जितका मान जास्त, तितका राग मोठा.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा कॉलेजात मोबाईलला बंदी होती. मॅडमनी आल्या आल्या प्राचार्यांकडे परवानगी मागितली. आम्ही खिडकीखाली उभे होतो.

"मोबाईल हातात आला की पोरं बिघडतात, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"मग बिघडलेली माझ्याकडे द्या, साहेब. आपण चांगली ठेवून घ्या."

"आपण" ऐकलं आणि आम्ही खिडकीखालून पळालो. परवानगी मिळाली, पण वर्गात नाही. त्याने काही अडलं नाही, कारण वर्गात रेंजच नव्हती. रेंज होती कॉलेजच्या मागे, अपंगांच्या गाडीसाठी बांधलेल्या सिमेंटच्या उतारावर. त्या उतारावर आमचा इंग्रजीचा तास भरायला लागला. चार-पाच जणांत एक फोन. उतारावर बसायचं म्हणजे सगळे हळूहळू खाली घसरायचे, आणि तास संपेपर्यंत अख्खा वर्ग तळाशी गोळा झालेला असायचा.

काम असं असायचं. मॅडम नेटवर एक कोरं पान उघडायच्या आणि त्याची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकायच्या. ते पान प्रत्येकाच्या फोनवर एकाच वेळी उघडायचं. कुणी काही लिहिलं की ते सगळ्यांना जागच्या जागी दिसायचं, लिहिणाऱ्याच्या नावाची छोटी रंगीत रेघ लुकलुकायची. बाजूला समासात शेरा लिहिता यायचा. या पानाला इंग्रजीत काय म्हणतात ते मॅडमनी कधी सांगितलं नाही. त्या त्याला "ओटा" म्हणायच्या.

"ओट्यावर कुणीही येऊन बसतं. पण दुसऱ्याला ढकलून बसायचं नाही. कुणाचं चुकलं असेल तर पुसू नका, शेजारी लिहा."

हा त्यांचा एकच नियम. दुसऱ्याचं वाक्य पुसणाऱ्याला त्या दिवसभर "आपण" म्हणायच्या.

आम्हाला इंग्रजीची किती भीती होती, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. दहावीपर्यंत आम्ही निबंध पाठ केलेले. गायीवरचा पाठ करून गेलो आणि पेपरात झाड आलं, तर शेवटी गाय आणून झाडाला बांधायची, म्हणजे निबंध पुढे सरकायचा. एकट्याने कोऱ्या पानासमोर बसलं की पहिला शब्दच फुटायचा नाही. ओट्यावर मात्र कुणीतरी आधीच काहीतरी चुकीचं लिहिलेलं असायचं, आणि चुकीचं वाक्य दिसलं की हात आपोआप शिवशिवायचे. मॅडम स्वतः एका बोटाने टाईप करायच्या. त्यांचीही स्पेलिंगं चुकायची, आणि कुणी शेजारी दुरुस्ती लिहिली की त्या तिथेच "थँक्यू बेटा" लिहायच्या. त्या मुद्दाम चुकायच्या का, यावर आमच्यात दोन तट होते. मला अजून उत्तर माहीत नाही.

घोडेगावला गुरांचा बाजार भरतो त्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं गायब असायची. कुणी बापाबरोबर म्हैस घेऊन गेलेलं, कुणी टेम्पोवर. बाकीचे शिक्षक त्या दिवशी गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे. मॅडमनी एकदा बाजाराच्या दिवशीच ओटा उघडला आणि विषय दिला, "म्हैस कशी विकत घ्यावी." बाजारातल्या मुलांनी बाजारातून लिहायचं, वर्गातल्यांनी वर्गातून विचारायचं.

तो दिवस मी विसरणार नाही. उतारावर आम्ही फोनवर वाकून बसलो होतो आणि बाजारातून वाक्यं येत होती. एकाने लिहिलं, "धिस बफेलो इज टू टीथ." खाली दुसऱ्याचं, "नॉट इज. हॅज." तिसऱ्याने विचारलं, फक्त दोनच दात? मग चारा कशी खाते? त्यावर बाजारात हशा झाला असणार, कारण एकदम चार-पाच रेघा लुकलुकायला लागल्या. वर्गातल्या मुली बहुतेक शेतकऱ्यांच्याच, त्यांना दोन दाती म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. पण ते इंग्रजीत सांगायचं तर आधी दुधाचे दात पडतात, मग कायमचे दोन येतात, त्यावरून वय ओळखतात, हे सगळं उलगडावं लागलं. एका शब्दाची चार वाक्यं झाली. मॅडम सगळं मोठ्याने वाचत होत्या, स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात त्या आवाजात. मध्येच त्यांनी आम्हाला विचारलं, "यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आता मी म्हैस घ्यायला गेले तर फसेन का?"

"फसालच, मॅडम," बाजारातून कुणीतरी लिहिलं. तेवढं मात्र मराठीत.

ओट्यावर नावाने न येता कुणी तसंच आलं, तर त्याच्या नावाच्या जागी एखाद्या प्राण्याचं नाव दिसायचं. पोरांना हा मोठा शोध लागला. निनावी उंट, निनावी कासव अशी चेष्टा सुरू झाली. एके दिवशी एका उंटाने वर्गाने आठवडाभर लिहिलेलं सगळं पुसलं. मुली रडायच्या बेतात आल्या. मॅडमनी शांतपणे जुनी प्रत परत आणली. पुसलेलंही तिथे कुठेतरी राहतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग त्यांनी पानाच्या शेवटी लिहिलं, "प्रिय उंट, आपण फार लवकर आलात आणि फार लवकर गेलात. काहीतरी लिहून जायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी त्याखाली एक ओळ आली. "सॉरी मॅडम. आय ॲम कॅमल." पुढे तो उंट वर्गात सगळ्यांत जास्त लिहायला लागला. तो कोण होता हे मॅडमनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

आता माझी गोष्ट.

दिवाळीनंतर मॅडमनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीने आपल्या गावातल्या एका जागेवर लिहायचं. माझी जोडी लावली अमोलशी. अमोल म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. माझे वडील आप्पा, त्यांचे धाकटे भाऊ नाना, आणि अमोल नानांचा. आमच्या दोन घरांत मधे एक पडवी आणि एक भिंत. पण तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. कारण विहीर.

विहीर दोघा भावांनी मिळून खोदलेली. वाटणी झाली तेव्हा ती आमच्या वाट्याच्या रानात आली, पण सातबाऱ्यावर सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पुढे बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि आप्पांनी नानांची पाळी बंद केली. नाना नेवाशाच्या कोर्टात गेले. तेव्हापासून आई काकूच्या दारावरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, आणि मी आणि अमोल एकाच वर्गात असून एकमेकांना भिंतीसारखे होतो.

मी मॅडमना गाठलं. "मॅडम, माझी जोडी बदला. आमचं बोलणं नाही."

"बोलायला कोण सांगतंय? लिहायचं आहे."

"तरीपण, मॅडम. घरी कळलं तर..."

त्यांनी मला उतारावर शेजारी बसवलं. "बोलणं कोणत्या भाषेत बंद आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे... मराठीत."

"मग झालं. इंग्रजीत तुमचं भांडण नाही ना? इंग्रजीत तर तुमची अजून ओळखही झालेली नाही."

मी मनातल्या मनात शब्द मोजले. आमच्या घरात भांडणाला जेवढे शब्द होते ते सगळे मराठीतले होते. शिव्या, टोमणे, कोर्टाचे शब्द, सगळे. इंग्रजीत आम्हा दोघांकडे दोन-तीनशे शब्द असतील, आणि त्यांत भांडता येईल असा एकही नव्हता.

जागा कोणती निवडायची यावर पहिले दोन दिवस ओटा कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन घेऊन मी पान उघडलं तर वर एक ओळ होती. "अवर वेल इज बिग अँड राउंड." आमची विहीर मोठी आणि गोल आहे. अमोलच्या नावाची हिरवी रेघ त्या ओळीच्या टोकाशी लुकलुकत होती. म्हणजे तो त्या क्षणी भिंतीच्या पलीकडे बसून तेच पान बघत होता.

मी शेजारी लिहिलं, "नॉट अवर. माय फादर्स वेल."

हिरवी रेघ त्या ओळीवरून हलली. मग समासात शेरा आला. "माय फादर आल्सो डिग."

माझ्यातली इंग्रजीची विद्यार्थिनी रागाच्या आधी जागी झाली. मी लिहिलं, "डिग नाही. डग."

"थँक्यू," त्याने लिहिलं. "माय फादर आल्सो डग."

आता यावर काय भांडणार? वाक्य बरोबर होतं. व्याकरणाने आणि खरंही.

असं रोज थोडं थोडं व्हायला लागलं. तो विहिरीच्या खडकाबद्दल लिहायचा, मी काठावरच्या चिंचेबद्दल. चिंचेवर कावळ्याचं घरटं आहे की साळुंकीचं, यावर आमचं समासात एक पानभर चाललं. एकदा त्याने लिहिलं, की विहीर खोदताना सुरुंगाचा दगड माझ्या आप्पांच्या पायावर आला आणि त्याच्या वडलांनी त्यांना पाठीवर घेऊन वर काढलं. आप्पांच्या पायावरची खूण मी रोज बघत होते, तिची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी शेजारी फक्त लिहिलं, "व्हिच लेग?" त्याने लिहिलं, "राइट." मी आत जाऊन बघून आले. बरोबर होतं.

मॅडम कधी मध्ये पडल्या नाहीत. फक्त एका ओळीशी अडल्या. अमोलने लिहिलं होतं, "टू ब्रदर्स टेक वॉटर, टर्न बाय टर्न." दोघे भाऊ पाळीपाळीने पाणी घेतात. मी शेजारी लिहिलं होतं, "टुक." घेत होते. तिथे मॅडमनी शेरा लिहिला, "काळ ठरवा."

तो ठरण्याआधीच आप्पांनी आपल्याच फोनवर ते पान पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण अमोलचं नाव त्यांना वाचता आलं.

"ह्यो हितं काय करतोय?"

मी सांगायला लागले, पण त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. विहिरीबद्दल लिहिलंय एवढं कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "तू त्यास्नी लिहून देतीया? इंग्लिशमधी? उद्या त्यांचा वकील कोर्टात दाखवंल, की ह्याच्याच पोरीनं लिवलंय दोघांची हीर म्हणून!" मग आईकडे वळून म्हणाले, "लई झालं कॉलेज. उद्यापासनं घरी."

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मला कॉलेजपेक्षा जास्त भीती वेगळीच वाटत होती, की मी खरंच आप्पांचं काही नुकसान केलंय का.

सकाळी आप्पा कॉलेजात गेले. मला घरी राहायला सांगितलं होतं, पण मी मागून गेले. मॅडम उतारावरच होत्या. आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलले. मॅडमनी ते पूर्ण ऐकून घेतलं. संपल्यावर त्यांनी आपल्या पिशवीतून फोन काढला.

"हे इंग्रजी कोर्टात चालणार नाही, भाऊसाहेब. यात एवढ्या चुका आहेत की वकीलच पळून जाईल." मग त्या मोठ्याने वाचायला लागल्या. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी. मोठी गोल विहीर, खडक, चिंच, घरटं, सुरुंग, पाठीवरून वर काढणं. सुरुंगाच्या ओळीला आप्पांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"एका ठिकाणी मी अडलेय," मॅडम म्हणाल्या. "हा मुलगा म्हणतो, दोघे भाऊ पाणी घेतात. तुमची मुलगी म्हणते, घेत होते. इंग्रजीत क्रियापदच बदलतं, त्यामुळे मला नक्की ठरवावं लागेल. मला केसचं काही कळत नाही. मला फक्त काळ सांगा. वर्तमान की भूत?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"भूतकाळ लिवा," ते शेवटी म्हणाले. जाण्यासाठी वळले आणि परत थांबले. "पर त्यानं वर्तमान का लिवलं?"

"त्याला विचारा."

"आमचं बोलणं न्हाई."

"मग मी विचारते," मॅडम म्हणाल्या.

माझं कॉलेज बंद करायचं आप्पा पुन्हा बोलले नाहीत. फोन मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या खिशात ठेवायला लागले.

ते गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कधी असं बोलणं बंद झालंय का?"

त्या बुटाची नाडी बांधत होत्या. "माझा एक भाऊ आहे पुण्यात. आमचं मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्हीत बंद आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. एवढंच. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अमोलऐवजी थेट नानांनाच बोलावलं. तेव्हा मी तिथे नव्हते. काय झालं ते मला ओट्यावर कळलं, वर्गातल्या मैत्रिणीच्या फोनवर. अमोलने माझ्या "टुक"खाली नवी ओळ लिहिली होती. त्याच्या वडलांनी मॅडमना जे सांगितलं तेच त्याने जमेल तसं इंग्रजीत केलं होतं. त्याचं मराठी असं होतं, "बाबा म्हणतात, पाणी आता येत नाही. पण दर सोमवारी सकाळी त्यांना जाग येते आणि वाटतं, आज आपली पाळी." सोमवार ही नानांची पाळी होती. खाली मॅडमची ओळ होती, "दोन्ही काळ बरोबर आहेत. दोन्ही ठेवा."

घरी आल्यावर आप्पा गोठ्यात होते. मी काही बोलले नव्हते, तेच म्हणाले, "काय सांगितलं त्यानं?"

मी सांगितलं. सोमवारचंही सांगितलं.

ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "बरं," म्हणाले.

मला वाटलं होतं, काहीतरी घडेल. काहीच घडलं नाही. परीक्षा झाली, कांदा काढणीला आला, नानांच्या रानातला उशिरा लावलेला मागास कांदा पाण्यावाचून माना टाकायला लागला. त्यांच्या बोअरला तासभर पाणी आलं की मोटर हवा ओढायची. तो आवाज आमच्या घरात ऐकू यायचा आणि आम्ही सगळे तो ऐकू येत नसल्यासारखं करायचो. सकाळी लाईट आली की आमची मोटर चालू करायला मीच जायची. एके दिवशी मी स्टार्टरच्या पेटीला हात लावला आणि मागून आप्पांचा आवाज आला.

"आज ऱ्हाऊ दे. आज सोमवार हाय."

ते विहिरीच्या काठावरून खाली उतरले, नानांच्या रानाकडे पाणी नेणाऱ्या लाईनीचा गंजलेला कॉक दोन्ही हातांनी फिरवायला लागले. फिरेना. तेव्हा बांधावरून नाना आले, पाना घेऊन. दोघे न बोलता त्या कॉकशी झगडले. तो सुटला तेव्हा दोघेही घामाने भिजले होते. मी स्टार्टर दाबला. नाना पाण्याबरोबर चालत गेले, पाट कुठे फुटतोय ते बघत. आप्पा आपल्या दुखऱ्या पायाने त्यांच्या मागून.

मॅडम त्या उन्हाळ्यातच निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही. पोरांनी मिळून लिहिलेलं भाषण त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं, चुकांसकट, गाड्या पुकारायच्या आवाजात. त्यात त्यांची स्तुती होती. तीही त्यांनी न लाजता ठणठणीत वाचली. मला बारावीला इंग्रजीत काही फार मार्क पडले नाहीत, अमोलला माझ्याहून थोडे बरे. उतारावरचा तास नंतर कुणी चालवला नाही. नव्या सरांनी निबंधाचं गाईड सांगितलं आणि गाय परत झाडाला बांधली गेली.

मी आता नगरला एका कंपनीत ऑफिसात आहे. दिवसभर इंग्रजीत पत्रव्यवहार करते. मसुदा चार-पाच जण मिळून करतो, आणि कुणाचंही वाक्य मी पुसत नाही, शेजारी लिहिते. ऑफिसातल्यांना याचा वैताग येतो.

मध्यंतरी नगरच्या स्टँडवर मॅडम भेटल्या. तेच पांढरे बूट. गळ्यातली पिशवी मात्र नवी, फुलाफुलांची. कुठे निघाल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. हातात पुण्याच्या गाडीचं तिकीट होतं. मी विचारलं नाही. त्यांनीच माझ्या घरचं विचारलं. मी सगळं सांगितलं. कॉक, पाना, पाण्याबरोबर चालत गेलेले दोघे.

"आणि केस?" त्यांनी विचारलं.

"केस चालूच आहे, मॅडम. काढून घ्यायची कशी ते दोघांनाही सुचत नाही. तारखा पडतात. नेवाशाला जातात. दोघे एकाच मोटरसायकलवर."

मॅडम मोठ्याने हसल्या. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग त्या एकदम गंभीर झाल्या, एखाद्या वाक्याशी अडल्या की व्हायच्या तशा.

"चालवतं कोण?"

"जाताना आप्पा," मी म्हणाले. "येताना नाना."